घासाचा मुलगा

काल्तोंगाने चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ आणला आणि तीच ओळ पुन्हा, या वेळी सावकाश वाचली.

"देवाने आपल्याला घासाची मुलं करून घेतलं. आणि घासाची झालो, म्हणजे वारसही झालो."

चर्चच्या मागच्या झापांच्या मांडवात बसलेले लोक ऐकत होते. कोणी पानांनी माश्या हाकलत होतं, कोणी मांडीवरच्या पोराला थोपटत होतं. त्यांच्या भाषेतलं बायबल छापायला जाण्याआधी गावाला असं वाचून दाखवायचं, लोकांना कळतं का ते पाहायचं, खटकलं तिथे थांबायचं, अशी पद्धत होती. पौलाच्या पत्रांपर्यंत काम आलं होतं, आणि चर्चचा एल्डर म्हणून वाचून दाखवणं काल्तोंगाकडे होतं.

"ओळ चुकली आहे, एल्डर," मागून तारी म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती. पायाच्या अंगठ्यात अडकवलेल्या जाळ्याची फाटकी बाजू तो विणत होता.

"कुठे चुकली?"

"घासाचा वारस कसा होईल? घासाच्याला घास मिळतो. जमीन पोटच्याला. हे काय आम्ही तुम्हाला सांगायचं?"

थोडा हशा पिकला. त्यांच्या भाषेत 'मुलगा' असा सुटा शब्दच नव्हता. एक होता पोटचा आणि दुसरा घासाचा. दुसऱ्या घरी जन्मून आपल्या घरी वाढलेला. बोलणाऱ्याला दोहोंतला एक निवडावाच लागे. येशूसाठी त्यांनी बऱ्याच वादानंतर 'पोटचा' घेतला होता. तेव्हा म्हाताऱ्या लेईसालेने विचारलं होतं, "देवाचा पोटचा, हे कळलं. पण पोट कोणाचं?" आणि मांडव हसून लोळला होता. माणसांसाठी मात्र 'घासाचा' हाच शब्द बरोबर होता. पौलाने नेमकं तेच लिहिलं होतं.

"अरे, ही जमीन स्वर्गातली आहे," लेईसाले आज म्हणाली. "तिथे कोण कुंपण घालायला येतंय?"

"स्वर्गात असो नाहीतर समुद्रात. रीत ती रीत." तारीने गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "आणि एल्डरांनी स्वतः नाकामालच्या सभेत सगळ्या चीफांसमोर सांगितलंय. 'तो घासाचा आहे. घास त्याला मिळाला.' मी समोरच बसलो होतो. माझ्याच विरुद्ध सांगितलं, म्हणून तर पक्कं लक्षात राहिलं."

पानांची फडफड थांबली. काल्तोंगाने कागदाची कड सरळ केली. ती सरळच होती.

पास्टर येरेमाया वयाने लहान, गावात नवा. त्याला त्या सभेबद्दल काही ठाऊक नव्हतं. तो उत्साहाने पुढे झाला.

"मत्तयाची सुरुवात आठवा. अब्राहामापासून दावीद, दावीदापासून पार योसेफापर्यंत. एवढी नावांची रांग लावली, आणि शेवटी येशू काही योसेफाचा पोटचा नव्हता. मग तो दावीदाच्या घराण्यातला झाला कसा? योसेफाने त्याला आपला म्हटलं, म्हणून. नाव त्याने ठेवलं. तेवढ्यावर सगळं घराणं उभं आहे."

तारीने प्रथमच मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. तो खरोखर विचार करत होता.

"म्हणजे योसेफ सभेत काहीतरी वेगळं बोलला असणार," तो म्हणाला.

काल्तोंगाने कागदाची घडी घातली. "आज इथेच थांबू," तो म्हणाला आणि उठताना त्याला खांबाचा आधार घ्यावा लागला.

घरी त्याची बायको लेईमारा नारळ खवत बसली होती. बातमी त्याच्याआधी पोहोचली होती. त्या गावात बातमीला पाय नव्हते, पंख होते.

"तारी ओळ चुकली म्हणाला म्हणे."

"म्हणाला."

"त्याचं काय चुकलं? तुमचाच धडा त्याने तुम्हाला म्हणून दाखवला."

त्या विषयावर लेईमारा कधी आवाज चढवत नसे. पण आमटीत चुकून राहिलेल्या मिरीच्या दाण्यासारखा एखादा शब्द ती सोडून देई, आणि तो दातांखाली येईच.

सभेतला तो 'घासाचा' म्हणजे ओबेद, लेईमाराच्या धाकट्या बहिणीचा. बहीण बाळंतपणात गेली. बाप खोबऱ्याच्या बोटीवरचा कोणीतरी. बोट गेली तसा तोही गेला. लेईमाराची कूस तेव्हा रिकामी होती. ती माहेरच्या बेटावर गेली आणि बाळ छातीशी घेऊन परतली. डब्याचं दूध महिन्याकाठी येणाऱ्या बोटीवर यायचं, कधी यायचं नाही. कोनफळ उकडून, आपल्या तोंडात मऊ करून, बोटाने बाळाला भरवायचं काम काल्तोंगाने केलं होतं. लेईमाराला तापाने घेरलं तेव्हा तर त्या बाळाला दुसरं बोट ठाऊकच नव्हतं. पुढे सायलस झाला, तिच्या पोटचा. दोघं भाऊ एका चटईवर वाढले, एकाच काठीचा मार खाल्ला. सायलस शिकायला म्हणून राजधानीत, व्हिलाला गेला आणि तिथेच टॅक्सी चालवू लागला. ओबेद राहिला. डोंगराखालच्या जमिनीतले जुने नारळ वादळात मोडले, तेव्हा नवे त्याने लावले.

त्याच जमिनीवर तारीच्या लोकांनी हक्क सांगितला. नाकामालमध्ये, गावच्या सभाघरात, सभा भरली. काल्तोंगाची बाजू भक्कम होती. शेवटी चीफने विचारलं, "तुझ्यामागे या जमिनीवर कोण उभं राहील?" काल्तोंगा म्हणाला, "सायलस आणि ओबेद." लगेच तारी उठला. "दोघांतला एक परक्या बेटाच्या रक्ताचा. उद्या त्याचे मामा इथे होड्या लावतील. मग?"

सभा कुजबुजली. काल्तोंगाला दिसलं, की जिंकलेला डाव हातातून निसटतो आहे. तेव्हा तो म्हणाला, "सायलस पोटचा आहे. जमीन त्याची. ओबेद घासाचा आहे." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. रीतीप्रमाणे ते खरंही होतं. पण सभेचा रंग आपल्या बाजूला पालटतो आहे हे पाहून तो आणखी एक वाक्य बोलला. "घास त्याला मिळाला."

ओबेद दारापाशीच होता, सभेत पितात तो मुळांचा कावा गाळत. त्याने पहिली करवंटी चीफला दिली, दुसरी काल्तोंगासमोर धरली, दोन्ही हातांनी, नेहमीसारखी. काल्तोंगाने ती पिऊन टाकली. कावा तसा कडूच असतो.

घरी कोणी त्यावर बोललं नाही. ओबेदने आणखी एक हंगाम खोबरं वाळवलं, आणि मग गावातली पोरं ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या मळ्यांत फळं तोडायला निघाली, त्यांच्यासोबत तो गेला. पहिल्या खेपेनंतर पोरं परत आली. तो दुसऱ्या खेपेला तिथेच थांबला, आणि तिसऱ्याला. दर रविवारी आईला फोन करायचा. "बाबाचा गुडघा कसा आहे?" हे विचारायला विसरायचा नाही.

"शुक्रवारी येतोय तो," लेईमारा आता म्हणाली. किसणीवरचा तिचा हात थांबला नव्हता.

"कोण?"

"कोण म्हणजे? घास मिळालेला."

काल्तोंगा उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "मी चीफकडे जाऊन येतो."

"कशाला?"

"बोलायचंय."

लेईमाराने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. काही न विचारता तिने आतून त्याचा धुतलेला सदरा आणून दिला.

चीफ आपली होडी पालथी घालून तिच्या भेगांत डिंक भरत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना एक भेग भरून झाली.

"शब्द मागे घेता येतो," तो म्हणाला. "माणसं घेतात. पण तारीचे लोक टपलेत. दार एकदा उघडलं, की कुठला वारा आत शिरेल ते माझ्या हातात नाही आणि तुझ्याही नाही. वर्षं जातील. कदाचित सगळंच जाईल."

"जाऊ दे."

"सायलसचं काय?"

सायलसला त्याने व्हिलाला फोन लावला. मागे टॅक्सीचा भोंगा वाजत होता. "बाबा, मी तेव्हाच तुला म्हटलं होतं," सायलस म्हणाला. "निम्मी त्याची आहेच. खरं सांगू, सगळीच त्याची आहे. मी इथून टॅक्सी सोडून नारळ पाडायला येणाराय का? तू ऐकतोस कुठे कोणाचं?"

काल्तोंगाला ते आठवत नव्हतं. मग आठवलं. त्या दिवशी लेईमारासुद्धा नाकामालच्या बाहेर उभी राहून त्याला खुणेने नको म्हणत होती. ते वाक्य कोणालाच नको होतं. फक्त त्याला हवं होतं, आणि तेही श्वासभर.

"पुढच्या आठवड्यात सभा बोलवा," त्याने चीफला सांगितलं.

शुक्रवारी दुपारी भरतीबरोबर मशीनची होडी आली. काल्तोंगा आणि लेईमारा किनाऱ्यावर उभे होते. ओबेद पुढे उभा होता, खांद्याने रुंद झालेला, केस बारीक कापलेले. त्याच्यामागे त्याचा मामा, लेईमाराचा भाऊ मानासे, आणि माहेरच्या बेटावरची आणखी चार-पाच माणसं. होडीच्या तळाशी पाय बांधलेला एक डुक्कर ओरडत होता. माणसांच्या हातांत केतकीच्या चटया होत्या. नव्या, रंगीत काठांच्या, गुंडाळलेल्या.

लेईमाराने काल्तोंगाचं मनगट धरलं.

"चटया," ती म्हणाली.

मुलगा रिकाम्या हातांनी घरी येतो. चटया आणि डुक्कर घेऊन येतात ती माणसं काहीतरी फेडायला येतात. त्या बेटांवर जुनी रीत होती: घासाचा मुलगा आपल्या रक्ताच्या लोकांकडे परत जाणार असेल, तर त्याच्या लोकांनी येऊन वाढवणाऱ्याचे हात धुवायचे. धुतले, की घासाचं नातं फिटलं.

ओबेद पाण्यात उतरला. आधी आईला त्याने मिठीत घेतलं. मग काल्तोंगासमोर येऊन मान खाली घातली. काल्तोंगाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस बारीक होते, टोचत होते.

"बाबा, बारीक झालास तू."

"तू मात्र तिथली सगळी फळं खाल्लीस."

ओबेद हसला. मागे मानासे मोठ्याने म्हणाला, "दाजी, डुक्कर पाहून घ्या हं, नंतर लहान होता म्हणाल!" आणि सगळे हसले, कारण कोणीतरी हसायला हवं होतं.

संध्याकाळच्या आत किसलेल्या कोनफळांचं लापलाप पानांत भाजून झालं. पाहुणे जेवून पडवीत पसरले. मानासे काल्तोंगाला घेऊन ओढ्याकडे गेला. ओबेदही आला. मेहुणा थट्टेखोर होता; पण ओढ्याच्या काठी बसल्यावर त्याने थट्टा बाजूला ठेवली.

"दाजी, आमच्याकडे जमीन आईच्या बाजूने जाते. मला भाचे दोनच, आणि सायलसला इथली जमीन आहे. माझी जमीन याची व्हायला हवी. पण माझे चुलतभाऊ तयार नाहीत. म्हणतात, हा दोन होड्यांत पाय ठेवणारा. तिकडचा बाप याला हाक मारेल आणि हा पळेल, मग आमची जमीन तिकडच्या बापाची."

"मी अशी हाक मारणार नाही."

"ते मला माहीत आहे हो. त्यांना माहीत नाही. ते म्हणतात, हात धुवून घ्या, चारचौघांत. त्यात कुठे खोट राहिली, तुमचा आवाज जरा जरी अडखळला, तरी ते म्हणतील, बघा. ते फक्त तेवढ्याचीच वाट बघतायत. दोघांना तर मी सोबतच आणलंय, ऐकायला."

काल्तोंगाने ओबेदकडे पाहिलं. ओबेद पाण्यात बोटं बुडवून बसला होता.

"तुला हवंय हे?"

"तिकडचीच मुलगी आहे, बाबा. मळ्यावर भेटली. आता तिला दिवस गेलेत." तो थांबला. "घर कुठेतरी बांधायलाच हवं. मला वाटलं, तुझ्या जिवाला घोर नको. तारीचे लोकही गप्प बसतील."

काल्तोंगाच्या ओठांवर सगळं आलं होतं. चीफ, सभा, सायलसचं बोलणं. एवढंच म्हणायचं होतं, की जाऊ नकोस, मी शब्द मागे घेतोय. पण त्या शब्दामागे काय होतं? वर्षानुवर्षं चालणारी भांडणं, आणि शेवटी कदाचित काहीच नाही. इकडे मामाची जमीन समोर मांडून ठेवलेली होती, तिच्यावर फक्त पाय ठेवायचा होता. आणि ओबेदचं मूल जन्माला यायचं होतं.

"रागावलास?" ओबेदने विचारलं.

"नाही." तो उठला. गुडघा दुखला, तसा ओबेदने हात दिला. तो हात त्याने धरला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ. "चल. तुझी आई वाट बघत असेल."

सकाळी तो सगळ्यांच्या आधी चीफकडे गेला.

"सभा नको," तो म्हणाला.

चीफने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मला वाटलंच होतं, तू विचार करशील. बरं केलंस. जिंकलेलं भांडण पुन्हा कशाला उकरायचं?"

काल्तोंगाने मान हलवली. हो की नाही, ते त्यातून कळण्यासारखं नव्हतं.

परतताना वाटेत पास्टर येरेमाया भेटला. त्याच्या हातात त्या दिवसाचा कागद होता. "एल्डर, त्या ओळीचं काय करायचं? लोकांना खटकतेय. मी म्हणतो, 'घासाची' काढून टाकू, सगळीकडे 'पोटची'च घालू. वाद मिटेल."

"नको."

"पण घासाच्याला वारसा नसतो, हे तर लोकांना—"

"नसतो. म्हणूनच पौलाला ते लिहावं लागलं," काल्तोंगा म्हणाला. "असता, तर सांगायचं काय होतं?" दोन पावलं पुढे जाऊन तो पुन्हा थांबला. "ओळ बरोबर आहे, पास्टर. आम्हीच तिला पुरे पडलो नाही. राहू द्या तशीच. चुकली म्हणाले, तर म्हणू द्या."

सूर्य चढायच्या आत वडाखाली लोक जमले. एका बाजूला पाहुणे, एका बाजूला गाव. मध्ये चटया अंथरलेल्या, त्यांवर कोनफळं रचलेली, बाजूला डुक्कर. लाकडी परातीत ओढ्याचं पाणी. तारी पुढेच बसला होता. लेईमारा बायकांत बसली नव्हती. ती घराच्या दारात उभी होती. रीतीत बायकांचे हात धुवायचे नसतात. पहाटे ती काल्तोंगाला म्हणाली होती, "झटकून तर झालेच होते. आता धुऊनही घ्या." पण म्हणताना तिने त्याच्या सदऱ्याची गुंडी लावून दिली होती.

मानासे उभा राहिला. आता तो कोणाचा मेहुणा नव्हता. तो एका घराण्याच्या वतीने बोलणारा होता.

"हा कोणाचा?"

"तुमच्या बहिणीचा," काल्तोंगा म्हणाला.

"तुमचा कोण?"

मानासेच्या मागे बसलेले दोघं चुलतभाऊ पुढे झुकले. काल्तोंगाला ते दिसले. पलीकडे ओबेद बसला होता, हात मांडीवर, नजर चटईवर.

"घासाचा," काल्तोंगा म्हणाला. आवाज स्वच्छ होता. रविवारी शास्त्र वाचतानाचा आवाज.

"त्याला तुम्ही काय दिलंत?"

"घास दिला."

"त्याचं काही देणं उरलं?"

"उरलं नाही. घास त्याला मिळाला. माझ्या घराचा, माझ्या जमिनीचा, माझ्या नावाचा त्याच्यावर हक्क नाही, आणि त्याचा माझ्यावर नाही. तो माझ्याकडे परत येणार नाही. मी त्याला हाक मारणार नाही."

शेवटची दोन वाक्यं रीतीत नव्हती. मानासेने किंचित चमकून पाहिलं. मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते सावरून बसले. त्यांना जे ऐकायचं होतं, त्याहून जास्त मिळालं होतं.

परात पुढे आली. रीतीप्रमाणे पाणी ओबेदनेच घालायचं होतं. त्याने करवंटीने पाणी घेतलं आणि काल्तोंगाच्या हातांवर सोडलं. बोटांवर, तळव्यांवर, मनगटांवर. अजिबात घाई केली नाही. काल्तोंगाने हात सरळ धरले होते.

"छान बोललास," उठताना चीफ म्हणाला. "अगदी त्या सभेत बोललास तसं. आडपडदा नाही."

तारीनेही जवळ येऊन मान डोलावली. "आता कोणी काही म्हणू शकत नाही, एल्डर."

"नाही," काल्तोंगा म्हणाला.

ओहोटीच्या आत निघायचं म्हणून पाहुण्यांची घाई झाली. ओबेद आईजवळ बराच वेळ उभा होता. काल्तोंगाजवळ आला तेव्हा हात धुतलेल्यांनी एकमेकांना स्पर्श करायचा नाही ही रीत दोघांनाही आठवली, आणि दोघं जरा अंतरावर उभे राहिले.

"गुडघ्याला तेल लाव, बाबा."

"लावतो."

होडी निघाली. गाव पांगलं. कोणीतरी डुक्कर ओढत नेला. काल्तोंगा वाळूवरच्या एका ओंडक्यावर बसून राहिला. थोड्या वेळाने लेईमारा येऊन शेजारी बसली. होडी प्रवाळाच्या कडेतल्या फटीकडे तोंड करून चालली होती.

"त्याला सांगितलंत का?" तिने विचारलं. "चीफकडे गेला होतात ते?"

"नाही."

"सांगायचं होतंत. निदान तेवढं तरी सोबत घेऊन गेला असता."

"गेला नसता," काल्तोंगा म्हणाला. "थांबला असता. मग ना इथलं, ना तिथलं."

होडी फटीतून बाहेर पडली, एकदा उंच उचलली गेली आणि मोठ्या पाण्यावर स्थिर झाली. तिथून पुढे ती वळवता येत नाही. प्रवाह पुढेच नेतो.

"मी सांगितलं होतं त्याला," लेईमारा म्हणाली.

काल्तोंगाने मान वळवली.

"काल ओढ्यावरून आलात ना तुम्ही, त्यानंतर. चुलीपाशी बसला होता माझ्याजवळ. सगळं सांगितलं. सभेचं, सायलसचं. मला वाटलं, ऐकून चटया उचलून परत पाठवेल."

"मग?"

"बराच वेळ लाकडं सारत बसला. मग म्हणाला, 'आई, मला हे कळलंय ते बाबाला कळू देऊ नकोस. नाहीतर उद्या त्याच्या तोंडून शब्द निघणार नाही.'"

उन्हात काल्तोंगाचे हात केव्हाच वाळले होते. ते मांडीवर उताणे ठेवून तो होडीकडे पाहत राहिला. आता तिच्यात कोणीतरी उभं राहिलेलं दिसत होतं. पण इतक्या लांबून तो कोण, ते काही सांगता येत नव्हतं.